मी पाण्याला शून्यच म्हणणार

मी एक जुना सीटी स्कॅन आहे. किती जुना, हे माझ्या अंगावरच्या रंगाचे पोपडे पाहून ज्याने त्याने ठरवावे. मला त्याची लाज वाटत नाही. बालमित्रांनो, आत्मवृत्त सांगू लागलेली जुनी वस्तू आरंभीच डोळ्यांना पदर लावते, असे मी ऐकून आहे. मी तसे करणार नाही. थोड्याच वेळात मला या खोलीतून काढणार आहेत, म्हणून मी हुंदके द्यावेत अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती व्यर्थ होय. माझ्यावर एकदा खोटेपणाचा आळ आला होता. तो आळ कसा आला, कसा फिटला आणि त्या अवधीत एका भल्या गृहस्थाचा जीव कसा टांगणीला लागला होता, एवढे सांगून मी ताठ मानेने जाणार आहे.

प्रथम माझे रूप सांगतो. माझा देह म्हणजे एक भले मोठे कडे आहे. विहिरीचा काठ उचलून उभा करावा तसे. त्या कड्याच्या पोकळीतून एक अरुंद पलंग मागेपुढे सरकतो आणि त्यावर माणूस निजतो. माझ्या पोटात क्ष-किरणांची नळी गरगर फिरते. नळीच्या समोर माझे असंख्य डोळे बसविलेले आहेत. माणसाच्या देहातून कोणत्या बाजूने किती किरण आरपार आले, हे ते डोळे टिपतात आणि त्यावरून आतले चित्र सिद्ध होते. काकडी न चिरता तिच्या चकत्या पाहाव्यात, तशी ही विद्या आहे.

त्या चकतीतील प्रत्येक कणाला मी एक आकडा देतो. पाणी म्हणजे शून्य. चरबी शून्याच्या खाली, मांस शून्याच्या वर, हाड त्याहून कितीतरी वर. कारखान्यात माझी जुळणी पूर्ण झाली, तेव्हा माझ्यापुढे प्रथम माणूस निजविला नव्हता. पाण्याने भरलेला एक गोल डबा ठेवला होता. हे काय आहे ते सांग, असे जणू मला विचारले गेले आणि मी उत्तर दिले, शून्य. तेच माझे पहिले अक्षर. तेव्हापासून रोज सकाळी, पहिला रुग्ण येण्याच्या आधी, तो डबा माझ्यापुढे येतो आणि मी तेच उत्तर देतो. राजा येवो वा रंक येवो, कोणाच्या भिडेखातर मी पाण्याला एक म्हटलेले नाही. हा माझा धर्म आहे, आणि माझा सारा ताठाही त्यावरच उभा आहे.

या रुग्णालयात मी आलो तेव्हा माझे कौतुक काय वर्णावे! दाराला फीत बांधली होती. पांढरे डगले घातलेली मोठमोठी माणसे माझ्या पांढऱ्याशुभ्र अंगावरून हात फिरवीत होती. माझ्यासाठी शिशाचा पत्रा घातलेले जड दार केले, जाड काचेची खिडकी केली आणि खोली थंड ठेवणारे यंत्रही बसविले. माणसे बाहेर घामाने निथळत आणि मी आत गारव्यात विराजमान असे. परंतु कौतुक हे नव्या चादरीसारखे असते. चार धुण्यांत विटते. पुढे थंडाव्याच्या यंत्रातून पाणी ठिबकू लागले, तर त्याखाली बादली ठेवली गेली. माझ्या कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या येऊन बसल्या. पलंगाची गादी फाटली, तिला चिकटपट्टी लावली. मी एक फेरी पुरी करी तोवर शेजारच्या शहरातील नवी यंत्रे तीन माणसे उरकतात, असे रुग्णालयाचे मोठे साहेब येताजाता बोलू लागले. मी हळू आहे, हे मला मान्य आहे. हळू असणे आणि खोटे असणे यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

माझी माणसे दोन. एक स्कॅनवाल्या ताई. काचेपलीकडे बसून त्याच मला चालवीत. बोलायला तिखट, परंतु हात असा हलका की लहान मूलसुद्धा सुईला भ्यायचे नाही. दुसऱ्या डॉक्टरीणबाई. मी काढलेली चित्रे वाचणे हे त्यांचे काम. चित्र पाहताना त्या स्वतःशीच पुटपुटत, आणि शेजारचा चहा हमखास गार होई.

एके दिवशी या दोघींकडे सोनारकाका आले.

सोनारकाका म्हणजे भरदार देह, भरदार आवाज आणि त्याहून भरदार गाल. ते गेले होते पित्ताच्या दुखण्यासाठी सोनोग्राफी करायला. तेथे डॉक्टरीणबाईंनी त्यांना कुशीवर वळवून मोठा श्वास घ्यायला लावला, तेव्हा उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकावर एक गोलसर सावली क्षणभर दिसली आणि बरगडीआड गेली. दुखत काहीच नव्हते. मित्रांनो, मूत्रपिंडातील लहान गाठ दुखत नाही, हाच तिचा कावा आहे. ती मोठी होऊन दुखू लागेपर्यंत पुष्कळदा संपूर्ण मूत्रपिंड काढून टाकण्याची पाळी येते. इतरांना एक काढले तरी दुसरे असते. सोनारकाकांचे डावे मूत्रपिंड लहानपणापासूनच सुकलेले होते. त्यांचा सारा संसार त्या एका उजव्यावर चालला होता. ती सावली खरी की खोटी, खरी असेल तर पाण्याची की मांसाची, याचा निवाडा करण्यासाठी त्यांना माझ्याकडे पाठविले.

काकूही बरोबर होत्या. माझ्याकडे पाहून काका म्हणाले, "ताई, यात घालून वितळवणार की काय मला? घट किती येईल, आधी सांगा."

"घटच घट यायची," काकू म्हणाल्या. "सगळी खोटच भरलीये."

ताई हसल्या नाहीत. कामाच्या वेळी त्या हसत नसत. "काका, नीट ऐका. आधी एकदा तसंच बघणार, मग हातातून औषध देऊन परत बघणार. श्वास घ्या म्हटलं की घ्यायचा, रोखा म्हटलं की रोखायचा. सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही."

"श्वासाचं आम्हाला शिकवता?" काकांनी छाती ठोकली. "अहो, आमचा धंदाच श्वासाचा!"

येथे मला थोडे थांबून एक गोष्ट समजावून दिली पाहिजे. मूत्रपिंड पाठीला, शेवटच्या बरगड्यांच्या आड बसते. परंतु ते खिळ्याने ठोकलेले नसते. श्वास आत घेतला की ते खाली सरकते, सोडला की वर जाते. मी एकामागून एक चकत्या टिपीत जातो. मध्येच श्वास चालू राहिला, तर वाटाण्याएवढी गाठ दोन चकत्यांच्या मधून अशी निसटते, की चोराने दोन पहारेकऱ्यांच्या मधून निसटावे. म्हणून श्वास रोखणे अत्यावश्यक असते.

जड दार मिटले. ताईंचा आवाज माझ्या कंठातून घुमला, "श्वास घ्या... रोखा." काकांनी श्वास घेतला, ओठ घट्ट मिटले आणि गाल असे फुगविले की कान झाकले जावेत. काचेपलीकडून ताई टक लावून पाहत होत्या. गाल शेवटपर्यंत फुगलेलेच होते. ताईंनी समाधानाने मान डोलावली.

मला मात्र दिसत होते. आतमध्ये काकांचे काळीज, मूत्रपिंड, बरगड्या सारे काही हिंदकळत होते. मी काय करू शकतो? मला जीभ नाही. मी जे दिसले तेच टिपले, आणि हलणाऱ्या बरगडीला चित्रात दोन कडा उमटल्या. मूत्रपिंडाचे वरचे टोक तर ओल्या शाईवरून अंगठा फिरवावा तसे फिसकटले होते. औषधाआधी आणि औषधानंतर, दोन्ही वेळा तीच गत.

चित्रात गाठ दिसली नाही. ही वार्ता कशी कोण जाणे, दारापलीकडे पोहोचली आणि काकूंच्या डोळ्यांतून आनंदाने घळाघळा पाणी वाहू लागले. काका तर शर्टाची बटणे लावीत दुकान उघडायला निघालेही. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबवा त्यांना. मी नॉर्मल लिहिणार नाही."

मोठे साहेब तेथेच होते. "गाठ दिसत नाही, तर नॉर्मल नाही तर काय? सोनोग्राफीत सावली पडली असेल. सावल्यांच्या मागे किती धावायचं, बाई?"

"सावली असेल तर असू दे, सर. पण सावलीच आहे, हे मला दिसायला पाहिजे. दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं लिहायला माझा हात धजत नाही. ही बरगडी बघा. दोन कडा कशा?"

साहेबांनी वाकून पाहिले. "पेशंट हलला असेल."

"नाही हलले," ताई म्हणाल्या. "श्वासही रोखला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मी रोखला होता," काका म्हणाले. "माझ्या मुलांची शपथ."

"मग मशीन हललं," साहेबांनी निकाल दिला. "मी कधीपासून ओरडतोय, खटारा झालाय म्हणून. या खटाऱ्याच्या भरवशावर माणसांचे जीव टांगायचे का?"

आणि माझ्या कपाळावर चिकटपट्टीने कागद लावला गेला: यंत्र बंद आहे, वापरू नये.

मित्रांनो, भंगार म्हटलेले मी सोसले असते. म्हातारा म्हटलेलेही सोसले असते. ते तर खरेच आहे. पण खोटा? ज्याने जन्मात पाण्याला शून्याखेरीज दुसरे नाव दिले नाही, तो खोटा? मला मुठी असत्या तर त्या त्या दिवशी वळल्या असत्या. त्याहून मोठा घोर निराळाच होता. काकांच्या मूत्रपिंडाच्या टोकावर काहीतरी आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि काका तर दोन दिवसांत ही सगळी भानगड विसरून जाण्याच्या बेतात होते.

मग इंजिनियर आला. त्याने माझी झाकणे काढली, आत बॅटरी मारली, पट्टे ताणून पाहिले. बारीक तार असलेला एक ठोकळा पलंगावर ठेवून चित्र काढले, तर तारेला कड एकच, केसासारखी रेखीव. शेवटी त्याने पाण्याचा डबा ठेवला. मी जे म्हणायचे तेच म्हणालो.

"सर," इंजिनियर हात पुसत म्हणाला, "हे म्हातारं तुमच्या-माझ्यापेक्षा सरळ आहे. यात काही बिघाड नाही."

"मग ताईंचं लक्ष नसेल," साहेब म्हणाले आणि चालते झाले.

त्या वेळी ताईंचा चेहरा पाहवत नव्हता. माझा आळ सुटला तो त्यांच्या अंगावर जाऊन बसला. त्यांनी माझ्या कपाळावरचा कागद उपटला, त्याचा चोळामोळा केला आणि बादलीत भिरकावला. "लक्ष नव्हतं म्हणे! उद्या बोलावते परत त्यांना. बघतेच मी, कोण खोटं आहे ते!"

विचार करा, मित्रांनो. काका शपथेवर सांगतात, श्वास रोखला. ताई सांगतात, मी पाहिले. इंजिनियर सांगतो, यंत्र धड आहे. तिघेही सच्चे. मग चित्र खोटे? मुळीच नाही! चित्रही सच्चे होते. चौघे खरे बोलत असूनही सत्य मात्र कोठेतरी दडून बसले होते.

दुसऱ्या दिवशी काका आले ते तणतणतच. "एकदा नाही म्हणालात ना? मग आता काय माझ्या पोटात गाठ पेरणार?"

"गप्प निजा," काकू म्हणाल्या. "बाई सांगतायत ते ऐका. तुमच्या गिऱ्हाइकानं एकदा कस लावून बघितल्यावर दुसऱ्यांदा बघायचं म्हटलं, तर तुम्ही देता ना बघू?"

काका निजले. ताईंनी आज यंत्र चालू करण्याआधी तालीमच घ्यायची ठरवली. काकूंनाही त्यांनी आतच उभे राहू दिले. "घ्या श्वास. रोखा."

काकांनी ओठ मिटले, गाल फुगविले. आणि काकू खो खो हसत सुटल्या.

"काय झालं हो, काकू?"

"अहो, हे काय श्वास रोखणं झालं? हे तर यांचं फुंकणीचं तोंड! दिवसभर दिव्याच्या ज्योतीवर फुंकणी धरून बसतात, तेव्हा अस्संच. गाल भरलेले आणि नाकानं ओढणं चालू. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हा माणूस दम घेतो तरी कधी!"

ताईंनी तात्काळ काकांच्या पोटावर हात ठेवला. पोट संथपणे वरखाली होत होते. गाल मात्र फुगलेले, डोळे स्थिर, चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा.

"काका! तुमचं पोट चालू आहे!"

काकांनी गालांतली हवा सोडली. "चालू असणारच की. गाल कुठे रिकामे झाले? गाल रिकामे झाले तर ज्योत विझेल ना! वडिलांनी तेच तर शिकवलं, मार देऊन. फुंकर खंडता कामा नये."

काका खोटे बोलत नव्हते. त्यांच्या विद्येत श्वास धरणे म्हणजे गाल भरलेले राखणे, आणि ते त्यांनी चोख केले होते. ताईही खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांनी काचेतून गाल पाहिले होते. पोटावर चादर होती.

"आता बघा हं," म्हणून ताईंनी काकांचे नाक दोन बोटांत पकडले. नाक दाबले की तोंड उघडते ही म्हण मी ऐकली होती. त्या दिवशी ती याचि डोळा पाहिली. काकांचे गाल फुस्सकन बसले, तोंड उघडले आणि ते उठून बसत ओरडले, "मारता की काय!"

"सोनारानं जगाचे कान टोचायचे," काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आज कोणीतरी सोनाराचं नाक धरलं!"

पुष्कळ वेळ तालीम चालली. गाल सैल सोडायचे, तोंड मिटायचे आणि छातीच थांबवायची. एवढ्या वर्षांची सवय, ती काय सहज सुटते? नाक पुन्हा पुन्हा चोरून हवा ओढी. माझ्या पलंगावर हात डोक्यावर घेऊन निजावे लागते, त्यामुळे काकांना स्वतःचे नाक धरता येईना. आणि माझे किरण चालू असताना ताईंना वा काकूंना आत थांबता येईना. शेवटी ताई धावत गेल्या आणि चादरी वाळत घालायच्या दोरीवरचा एक चिमटा काढून घेऊन आल्या. तो काकांच्या नाकावर बसविला.

जड दार मिटले. "श्वास घ्या... रोखा."

या खेपेला गाल फुगले नाहीत. आतले सारे जागच्या जागी थांबले. मी फिरलो. जुन्या हाडांनिशी, खडखडत, परंतु मनापासून फिरलो. मग हाताच्या शिरेतून औषध गेले. ताई घाई न करता थांबल्या, कारण औषध मूत्रपिंडात सर्वत्र सारखे भिनल्याशिवाय लहान गाठ उठून दिसत नाही. मी पुन्हा फिरलो.

बरगडीला एकच कड होती. आणि मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला, पाठीच्या अंगाला, एक गाठ होती. वाटाण्याएवढी.

डॉक्टरीणबाईंनी तिच्यावर लहानसे वर्तुळ ओढून माझा आकडा वाचला. औषधाआधी तो पाण्याच्या शून्याहून थोडासाच वर होता. नुसते पाणी असते, तर औषधानंतरही तेथेच राहिला असता. तो तिपटीने चढला. म्हणजे त्या गाठीत रक्त खेळत होते. ती जिवंत मांसाची होती. एखाद्या लाचार यंत्राने त्या दिवशी आकडा थोडा खाली सांगून सर्वांना खूश केले असते. मी सांगितला तो खरा सांगितला.

बाईंनी काकांना समोर बसविले. "काका, गाठ आहे. काढावी लागेल. काढून तपासल्यावरच ती कसली ते नक्की कळेल. पण लहान आहे, आणि कडेला आहे. तेवढीच काढता येईल. मूत्रपिंड राहील."

काकांच्या नाकावर चिमट्याचे दोन तांबडे वळ उठले होते. काकूंनी त्यांचा हात धरला होता, हे बहुधा त्यांच्या ध्यानातही नव्हते. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारले, "म्हणजे दागिना मोडायचा नाही. खोट तेवढी काढायची?"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

"मग काढा. डावं तर आधीच गेलंय. हे एवढं राहू द्या."

आणि ते राहिले, मित्रांनो! गाठ वाईट जातीची निघाली, परंतु ती कोठे पसरण्याआधीच तिला बाहेरचा रस्ता दाखविला गेला. पुढे दर वर्षी काका माझ्याकडे तपासणीला येत. पहिल्या वर्षी आले, तेव्हा त्यांनी खिशातून मखमलीची डबी काढली. आत चांदीचा चिमटा होता. नाकाला टोचू नये म्हणून टोकांना वळण दिलेला, नाजूक वेलाच्या नक्षीचा.

"जन्मभर बायकांच्या नाकाकानांसाठी घडवलं," ते ताईंना म्हणाले, "यंत्रासाठी हे पहिलंच. ठेवा इथे. माझ्यासारखे गालफुगे अजून येतील."

आले. शंख वाजविणारे आले, बँडवाले आले, पिढीजात हट्टी तर पुष्कळच आले. त्या सर्वांसाठी तो चिमटा माझ्या अंगावरच्या खुंटीला लटकत असे. आणि त्या दिवसापासून ताईंनी रुग्णाच्या पोटावरची चादर दूर करून, गालांकडे नव्हे तर पोटाकडे पाहण्याचा नेम केला. मोठ्या साहेबांनी माझी क्षमा कधीच मागितली नाही. नको होती मला. माझी साक्ष त्यांच्या क्षमेवर थोडीच अवलंबून आहे?

आता माझ्या जागी नवे यंत्र येत आहे. ते चपळ आहे, त्याला डोळे अधिक आहेत, वाटाणाच काय, ज्वारीचा दाणाही ते टिपील. येऊ द्या. मी त्याचा द्वेष करणार नाही. चांदीचा चिमटाही त्याच्याच खुंटीला लावा. परंतु मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा माझे एवढे ऐका. त्याच्या थंडाव्याच्या यंत्राखाली बादली ठेवण्याची पाळी येऊ देऊ नका. त्याची गादी फाटली तर ती शिवा. आणि रोज सकाळी, न चुकता, त्याला पाणी दाखवा. त्याने शून्य म्हटले, तर जग त्याला खटारा म्हणाले तरी त्याच्या पाठीशी उभे राहा. त्याने दुसरे काही म्हटले, तर त्याच्या झगमगीत रंगाची भीड बाळगू नका. आणि चित्रात काही दिसले नाही, तर डॉक्टरीणबाईंप्रमाणे विचारा, की खरोखर नाही, की आपण नीट पाहिले नाही?

बाहेर नट खोलायचे पाने आणि पहारी घेऊन माणसे आली आहेत. जड दार आज सताड उघडे आहे. ताई नेहमीच्या वेळी आल्या, चप्पल काढली आणि पाण्याचा डबा उचलून माझ्या पलंगावर ठेवला.

"ताई, आता कशाला?" एकाने विचारले. "हा तर निघाला भंगारात."

"निघेपर्यंत कामावर आहे तो," ताई म्हणाल्या. "बाजूला व्हा."

त्या काचेपलीकडे गेल्या. मी फिरू लागलो. माझ्या आवाजाने मोडक्या खुर्च्या थरथरल्या, पहारवाले दोन पावले मागे सरले. पडद्यावर गोल चित्र उमटले आणि त्याच्या मधोमध माझा आकडा.

शून्य.